उंबरठ्यावरची थंडी

डिसेंबर लागला कीं आमच्या पुण्यांत एक चमत्कारिक दृश्य दिसूं लागतें. सकाळीं पावणेसातच्या सुमारास एखाद्या इमारतीच्या फाटकांतून एक लहानसें गांठोडें सायकलीवर बसून बाहेर पडतें. गांठोड्यास दोन डोळे असतात; बाकी सर्व लोंकर. फाटकाशीं त्याची आई उभी असते आणि तिच्या मुद्रेवर कर्तव्य बजावल्याचें समाधान असतें. पंधरा मिनिटांनीं तेंच गांठोडें शाळेच्या दाराशीं पोंचतें, तेव्हां त्याच्या मानेवरून घाम निथळत असतो, सदरा पाठीला चिकटलेला असतो, आणि हाताचीं बोटें मात्र निळींजांभळीं झालेलीं असतात; कारण एवढ्या सगळ्या तयारींत हातमोजे कोणासच सुचलेले नसतात.

यंदा या दृश्यावरहि गदा आली आहे. आमच्या भागांतील एका शाळेनें पालकांकडे एक सूचनापत्र धाडलें (हल्लींच्या रिवाजाप्रमाणें तें मोबाईलवरच आलें), आणि त्यांत तीन कलमें होतीं. पहिलें, थंडीचा कडाका लक्षांत घेतां जानेवारीअखेरपर्यंत विद्यार्थ्यांनीं शक्य तोंवर सायकलीनें येऊं नये. दुसरें, जे येतील त्यांनीं गणवेशाचा गडद निळा स्वेटर, त्यावर त्याच रंगाचें जाकीट, कानटोपी व मफलर हीं घातलींच पाहिजेत. तिसरें, यांत कसूर झाल्यास होणाऱ्या परिणामांस शाळा जबाबदार राहणार नाहीं. तिसऱ्या कलमाशीं माझें भांडण नाहीं. जबाबदारी झटकणें हा हल्लीं बहुतेक संस्थांचा नित्यनेम होऊन बसला आहे. पण पहिलीं दोन कलमें मुकाट्यानें गिळणें मला शक्य नाहीं. प्रस्तुत लेखक गेलीं पन्नासांवर वर्षें पुण्याच्या रस्त्यांवर सायकल चालवीत आला आहे, आणि त्याची नात याच शाळेंत सातवींत शिकते. तेव्हां या वादांत आपण तटस्थ आहों असा आव त्यानें आणणें ढोंगीपणाचें होईल.

माझें म्हणणें असें, कीं सायकलस्वाराचा पोशाख उंबरठ्यावरच्या थंडीकडे पाहून ठरवावयाचा नसतो, तो दहाव्या मिनिटाच्या थंडीकडे पाहून ठरवावयाचा असतो. आणि आमच्या घरांतून व शाळांतून जी थंडीची चर्चा चालते ती सारी उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाची असते. जो सायकलीवर बसणार नाहीं तो, जो बसणार आहे त्याचे कपडे ठरवितो! सायकलीवरून निघतांना ज्यास छान ऊब वाटते तो थोड्याच वेळांत भिजणार हें ठरलेलें. आणि ज्यास निघतांना अंगावर बारीकसा कांटा येतो, 'आणखी एक स्वेटर घालावा कीं काय' अशी शंका ज्याच्या मनांत डोकावते, त्याचा पोशाख बहुधा बरोबर असतो.

यांत गूढ कांहींच नाहीं. आपण पायडल मारतों तेव्हां शरीर जी शक्ति खर्चतें तिचा सुमारें चौथा हिस्सा चाकें फिरविण्याच्या कामीं येतो; बाकीची तीन हिस्से उष्णता होऊन शरीरांतच राहते. स्वस्थ बसलेल्या प्रौढ मनुष्याच्या अंगांतून साधारण एका जुन्या शंभर वॅटच्या दिव्याइतकी उष्णता बाहेर पडत असते. तोच मनुष्य बेताच्या वेगानें सायकल चालवूं लागला कीं असे तीन-चार दिवे त्याच्या पोटांत पेटतात. मूल लहान असल्यामुळें त्याचे दिवे लहान, एवढाच फरक. आतां वाऱ्याचा हिशेब पाहूं. हवा १० अंशांवर असेल आणि आपण ताशीं २० किलोमीटर वेगानें जात असलों, तर हवामानशास्त्रज्ञ ज्या सूत्रानें वाऱ्यामुळें भासणाऱ्या थंडीचें गणित करतात त्याप्रमाणें उघड्या त्वचेस ती हवा ७ अंशांच्या आसपास भासते. म्हणजे वाऱ्यानें तीन अंश हिरावून नेले आणि शरीरानें आपली भट्टी तिप्पट-चौपट केली. या व्यवहारांत तोटा कोणास आहे? शाळकरी मूल तर याहूनहि सावकाश जातें.

खरा शत्रु थंडी नव्हे, घाम आहे. कोरड्या कपड्यांच्या थरांत जी हवा अडकून राहते ती आपली खरी रजई. तिच्या जागीं पाणी आलें कीं रजई संपली, कारण स्थिर हवेच्या मानानें पाणी सुमारें पंचवीसपट त्वरेनें उष्णता वाहून नेतें. पोरगें शाळेंत पोंचतें, जाकीट काढून दप्तरांत कोंबतें, आणि ओला बनियन अंगावर घेऊन पंख्याखालच्या बाकावर तासभर बसतें. मग त्याला हुडहुडी भरली कीं घरीं निष्कर्ष निघतो, 'बघा, सायकलीवर थंडी लागली!' लागली ती सायकलीवर नव्हे, बाकावर. आणि लावली ती थंडीनें नव्हे, जाकिटानें.

हें मी पुस्तकांतून शिकलों असें नाहीं. कॉलेजांत असतांना एका जानेवारींत आम्ही तिघे मित्र पहांटे कात्रजच्या जुन्या बोगद्यापर्यंत सायकलीनें जावयाचे म्हणून निघालों. आईनें आदल्या रात्रींच सर्व सरंजाम काढून ठेवला होता: सुती बनियन, जाड सदरा, तिनें स्वतः विणलेला स्वेटर, वर वडिलांचा गरम कोट आणि गळ्याला दोन वेढ्यांचा मफलर. स्वारगेटपर्यंत मी राजाच्या थाटांत होतों. घाट चढूं लागल्यावर मात्र एकेक अलंकार भारी होऊं लागला. कोट काढून कॅरियरला बांधला, मफलर खिशांत गेला, आणि बोगद्याच्या तोंडाशीं पोंचलों तेव्हां स्वेटर पिळला असता तर पाणी निघालें असतें. तेथें गप्पा मारीत आम्ही पाऊण तास बसलों. मग उतार! उतारावर पायांस काम नाहीं, म्हणजे पोटांतले दिवे विझलेले. वारा समोरून, आणि अंगावर ओलें सूत. ओला स्वेटर झांकण्यासाठीं कोट पुन्हां चढविला, पण आंतली ओल आंतच राहिली. कात्रजच्या तळ्याशीं आलों तेव्हां माझी बोटें ब्रेकवर वळत नव्हतीं व दांत एकमेकांवर आपटत होते. एका चहाच्या टपरींत शेगडीपाशीं अर्धा तास बसल्यावर तोंडांतून शब्द फुटला. घरीं येऊन ही हकीकत सांगितली. आईनें ती शांतपणें ऐकून घेतली आणि म्हणाली, "तरी मी म्हणत होतें, आंतून आणखी एक स्वेटर घाल म्हणून."

या एका वाक्यांत आमच्या समाजाचें थंडीविषयींचें सगळें तत्त्वज्ञान सांठवलेलें आहे, म्हणून ही घरगुती गोष्ट येथें सांगितली. ज्या उपायानें रोग झाला त्याचीच मात्रा वाढवावयाची. मातृप्रेमास मी हंसत नाहीं. परंतु प्रेमानें पदार्थविज्ञान बदलत नाहीं.

आणि थंडी तरी आमची केवढी? पुण्याच्या हवामानाच्या नोंदींत सर्वांत खालचा आंकडा १.७ अंशांचा आहे, आणि तो १७ जानेवारी १९३५ चा. एरवीं जानेवारींत पहांटे दहा-बारा अंश आणि दुपारीं अठ्ठावीस-तीस, हा आमचा क्रम. म्हणजे आमची अडचण थंडीची नाहींच, एका दिवसांत सतरा-अठरा अंश चढणाऱ्या पाऱ्याची आहे. सकाळीं ज्या मुलास दोन थर हवेसे वाटतात तेंच मूल दुपारीं एकच्या उन्हांत घरीं परततें, आणि तेव्हां त्याला एकहि थर नकोसा असतो. अशा हवेंत शहाणा पोशाख तो, जो काढतां येतो आणि काढल्यावर कोठें ठेवतां येतो. एका जाड जाकिटाऐवजीं दोन पातळ कपडे, पुढून उघडणारे, आणि कॅरियरवर बांधावयास एक रबरी पट्टा: एवढ्यांत पुण्याचा सगळा हिंवाळा येतो.

हॉलंडमध्यें जानेवारीचें सरासरी तापमान तीन-चार अंश असतें, वर पाऊस व समुद्राचा बोचरा वारा. त्या देशांत माणसांपेक्षां सायकली अधिक आहेत आणि शाळकरी मुलें वर्षभर त्यांवरूनच हिंडतात. उत्तर फिनलंडांत ऊलू म्हणून एक शहर आहे. तेथें जानेवारींत पारा सरासरीनें शून्याखालीं आठ-दहा अंश असतो, दिवस कांहीं तासांचा असतो, आणि तरीहि लोक बर्फावरून सायकली चालवितात. हिंवाळ्यांतील सायकलींचा विचार करणारी पहिली जागतिक परिषद २०१३ मध्यें त्याच गांवीं भरली. यावर आमचे सुज्ञ स्नेही लगेच म्हणतील, 'त्यांना संवय असते.' संवय असते हें खरेंच. पण ती अंगाला बर्फ लावून येत नाहीं. तेथें नगरपालिका पहांटे सायकलींचे मार्ग साफ करते, आणि घरोघरीं लोकांस कोणता अवयव झांकावा व कोणता मोकळा सोडावा याची अक्कल असते. यांतील पहिली गोष्ट आमच्या हातीं नसेल. दुसरीस पैसा लागत नाहीं.

ती अक्कल अशी, कीं धड तापतें आणि टोंकें गारठतात. हाताचीं बोटें हँडलावर निश्चल असतात, वारा त्यांवरच आदळतो, आणि थंडी लागतांच शरीर तेथील रक्तप्रवाह आंखडून घेतें. बधिर झालेल्या बोटांनीं ब्रेक वेळेवर दाबला जात नाहीं, म्हणून सायकलस्वाराच्या हिंवाळी पोशाखांत पहिलें स्थान हातमोज्यांचें. आणि शाळेच्या सूचनापत्रांत मोज्यांचें नांवहि नाहीं! त्यानंतर कान. त्यानंतर छाती, पण ऊब देण्यासाठीं नव्हे, वारा अडविण्यासाठीं. डोंगरांतल्या शर्यतींत भाग घेणारे युरोपांतील सायकलपटू घाटमाथ्यावर पोंचले कीं प्रेक्षकांकडून वर्तमानपत्र मागून घेत आणि उतरण्यापूर्वीं तें सदऱ्याखालीं छातीशीं सारीत. फ्रान्सच्या प्रसिद्ध शर्यतींत ही युक्ति कितीएक वर्षें चालत आली. आमच्या गल्लींत पहांटे पेपर टाकणारा मुलगा हेंच करतो. त्यानें फ्रान्सचें नांव ऐकलें असेल वा नसेल, छातीशीं कागद धरला कीं वारा लागत नाहीं एवढें त्यास ठाऊक आहे. आणि त्याच्यापाशीं तर कागदाचा सांठाच असतो. गुडघ्यांचीहि थोडी काळजी घ्यावी. सांधे पुढें असतात, त्यांवर मांस कमी, वारा नेमका तेथेंच लागतो. आमच्या शाळा मात्र धडावर तीन थर चढवून खालीं मुलास आंखूड चड्डी आणि मुलीस झगा नेसवितात, आणि याला गणवेश म्हणतात.

कानटोपीविषयीं मला थोडें विस्तारानें लिहिलें पाहिजे, कारण ती आमची राष्ट्रीय शिरस्त्राण होऊन बसली आहे. आमच्याकडे थंडी कानांतून आंत शिरते अशी समजूत आहे. जणूं ती एखादी झुरळाची जात आहे. तिची सुशिक्षित बहीण म्हणजे 'शरीराची निम्मी उष्णता डोक्यांतून जाते' ही. २००८ मध्यें 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'नें लोकांच्या वैद्यकीय भ्रमांवर एक लेख छापला, त्यांत या समजुतीचा समाचार घेतलेला आहे. ज्या जुन्या प्रयोगांतून ती निघाली त्यांत माणसांस अंगभर उबदार पोशाख चढवून डोकें तेवढें उघडें ठेवलें होतें. मग उष्णता जाणार कोठून? वस्तुतः डोक्याचा पृष्ठभाग शरीराच्या मानानें जेवढा, तेवढ्याच हिश्शाची उष्णता तेथून जाते. सर्दीपडसें हें तर विषाणूंचें काम, आणि ते मुलांस रस्त्यावरच्या मोकळ्या वाऱ्यांत नव्हे, खिडक्या लावलेल्या वर्गांत व बसमध्यें एकमेकांकडून मिळतात. तेव्हां सायकल सोडून बसनें या असें सांगणारी शाळा मुलांस सर्दीपासून दूर नेते कीं सर्दीच्या मांडीवर बसविते, याचा तिनेंच विचार करावा.

कान झांकूं नयेत असें मी म्हणत नाहीं. पातळ पट्टीनें ते झांकावेतच. पण जाड कानटोपी वर हेल्मेट बसूं देत नाहीं, मागून येणाऱ्या गाडीचा आवाज ऐकूं देत नाहीं, आणि मान वळविली कीं स्वतः न वळतां एका डोळ्यावर येऊन बसते. मफलराची गोष्ट याहून गंभीर. प्रसिद्ध नर्तिका इझाडोरा डंकन हिचा अंत १४ सप्टेंबर १९२७ रोजीं फ्रान्सांतील नीस शहरीं झाला तो गळ्यांतील लांब शेला मोटारीच्या चाकांत अडकून. दूरची गोष्ट कशास? दुचाकीच्या चाकांत ओढणी गुंतून झालेल्या अपघातांच्या बातम्या आमच्याच वर्तमानपत्रांतून वारंवार येतात. असें असतां एक शिक्षणसंस्था बारा वर्षांच्या मुलांस सायकलीवर मफलर सक्तीचा करते!

याउलट पुण्याच्या मुलींनीं दुचाकीवर तोंडाला घट्ट रुमाल बांधण्याची जी पद्धत पाडली, तिची थट्टा करून आमचे विनोदी लेखक दमले नाहींत. मला ती पद्धत आमच्या पोशाखाच्या इतिहासांतील एक अत्यंत समंजस गोष्ट वाटते. टोंकें आंत खोंवलेलीं, कान व नाक झांकलेलें, डोळे मोकळे. धूळ अडते, वारा अडतो, आणि श्वास थोडा कोमट होऊन आंत जातो. ज्या मुलांस दम्याचा त्रास आहे त्यांना थंड कोरड्या हवेंत श्रम केल्यानें धाप लागूं शकते, हा सायकलीविरुद्धचा एकच आक्षेप मला वजनदार वाटतो. अशा मुलांच्या बाबतींत वैद्याचा सल्ला घ्यावा. आणि नाकावरचा रुमाल हा त्या सल्ल्यांतील एक भाग असण्याचा संभव आहे. ज्या वस्तूची आम्ही थट्टा केली ती उपयोगी, आणि जिची सक्ति केली ती गळफास.

येथवर मी जुन्या मताच्या मंडळींशीं भांडलों. आतां नव्यांकडे वळतों, कारण तेहि निर्दोष नाहींत. अलीकडे रविवारीं सकाळीं सिंहगडाच्या रस्त्यावर जे सायकलस्वार दिसतात त्यांचा पोशाख पाहिला कीं ते सायकल चालवावयास निघाले आहेत कीं चंद्रावर उतरावयास, असा प्रश्न पडतो. चकचकीत तंग विजार, त्याच रंगाचें जाकीट, बाह्यांवर बाह्या, बुटांवर बूट. त्यांच्या हौसेशीं मला कर्तव्य नाहीं. शंभर किलोमीटर जाणाऱ्यास यांतील कित्येक वस्तूंचा उपयोगहि असतो. माझें भांडण त्यांच्या उपदेशाशीं आहे. दोन किलोमीटरवरच्या मंडईंत जाणाऱ्या मनुष्यास ते व त्यांचे दुकानदार पटवून देतात, कीं या पोशाखावांचून थंडींत सायकलीवर बसणें म्हणजे प्राणाशीं खेळ. तो बिचारा किंमती पाहतो, आरशांत स्वतःचें पोट पाहतो, आणि निमूटपणें स्कूटरला किल्ली लावतो. आईचें गांठोडें आणि दुकानदाराचा चिलखती पोशाख या दोहोंचा परिणाम अखेर एकच: डिसेंबरांत सायकल जिन्याखालीं.

पुण्यांतील मागल्या पिढ्यांचे मास्तर, कारकून आणि वकील सायकलीवर कसे जात तें आठवून पाहावें. धोतराचा सोगा वर खोंवलेला किंवा विजारीच्या पायाला चिमटा, अंगांत सदरा, वर कोट. हा कोट म्हणजे थोर वस्तु. चढावर गुंड्या सोडल्या कीं वारा खेळला, उतारावर लावल्या कीं वारा बंद. नऊवारीचा कासोटाहि सायकलीस कांहीं वाईट नव्हता. आणि पांचवारीसाठीं बायकांच्या सायकलीला मागल्या चाकावर जाळी असे. ज्या कपड्यांत मनुष्य कचेरींत बसावयाचा त्याच कपड्यांत तो सायकलीवर बसे, म्हणून त्यास थंडीची वेगळी पूर्वतयारी लागत नसे.

लोंकरीचा गुण मी नाकारीत नाहीं. घाम आला तरी लोंकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी ओल पोटांत घेते आणि तरीहि ओली वाटत नाहीं. सुती बनियन मात्र पहिल्याच घामाला शरण जातो. जर्मनींतील गुस्ताव येगर या प्राणिशास्त्रज्ञानें १८८० च्या सुमारास अंगावर प्राणिज धाग्यावांचून दुसरें कांहीं घालूं नये असा पंथच काढला. बर्नार्ड शॉ त्याचा अनुयायी. येगरच्या पद्धतीचा लोंकरी पोशाख करून तो लंडनांत मिरवी, आणि सायकल शिकला तो १८९५ मध्यें, चाळिशीच्या उंबरठ्यावर. येगरची उपपत्ति, कीं वनस्पतींच्या धाग्यांत शरीरांतील विषारी द्रव्यें सांठतात, साफ चुकीची होती. पण अंगालगत पातळ लोंकर हा त्याचा आचार सायकलस्वारास उत्तम ठरला. त्याचा विचार चुकला आणि आचार बरोबर आला. आमच्या शाळेचें, मुलांस थंडी बाधूं नये हा विचार बरोबर असून, आचारांत सगळें बिघडलें. अंगालगत पातळ, घाम बाहेर टाकणारें वस्त्र, मग तें लोंकरीचें असो वा हल्लीं स्वस्तांत मिळणाऱ्या कृत्रिम धाग्याचें, आणि त्यावर वारा अडविणारा पातळ विंडचीटर: एवढेंच पुरे. आई विणते तो जाड स्वेटर वाईट नाहीं. त्याची जागा शाळेंत पोंचल्यावर.

पोशाखाच्या उपयोगापेक्षां पाहणाऱ्याचा डोळा मोठा ठरावा, ही गोष्ट आमच्याचकडची आहे असें कोणी समजूं नये. ऑक्टोबर १८९८ मध्यें लेडी हार्बर्टन ही प्रौढ विदुषी इंग्लंडांतील सरे परगण्यांत सायकलीवरून ऑकहॅम येथील एका हॉटेलांत जेवावयास गेली. ती स्त्रियांच्या पोशाखाच्या सुधारणेची पुरस्कर्ती; त्या दिवशीं तिनें लांब झग्याऐवजीं सायकलीस सोयीची सैल विजार घातली होती. हॉटेलच्या मालकिणीनें तिला कॉफीच्या दालनांत बसूं देण्याचें नाकारलें आणि दारूच्या गुत्त्यालगतची खोली दाखविली. सायकलस्वारांच्या मंडळानें फिर्याद केली. एप्रिल १८९९ मध्यें तिचा निकाल लागला आणि मालकीण निर्दोष सुटली. न्यायालयापुढें त्या खोलीचीं छायाचित्रें आलीं, दालन नाकारलें कीं केवळ बदललें याचा कीस निघाला. लांब झगा चाकांत अडकतो, ओला झाला कीं पायांस गुंडाळतो, या साध्या गोष्टीस मात्र त्या निकालांत स्थान मिळालें नाहीं. आमच्या शाळेच्या सूचनापत्रावरहि असाच कीस निघेल. स्वेटर गणवेशाच्या रंगाचा आहे ना, एवढें पाहिलें जाईल.

आणि या रंगापाशीं येऊनच माझा संताप अनावर होतो. जानेवारीच्या मध्यास पुण्यांत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. शाळा सातला भरते. म्हणजे मूल घरून निघतें तें अंधारांत किंवा फार तर झुंजुमुंजूला; नदीकांठच्या रस्त्यांवर धुकें व धूर यांचा पडदा असतो. त्या वेळीं शाळेच्या आज्ञेनें त्यानें गडद निळा स्वेटर, गडद निळें जाकीट आणि बहुधा त्याच रंगाची कानटोपी घातलेली असते. मागून येणाऱ्या टँकरच्या चालकास तें दिसावें कसें? थंडीपासून बचाव करण्याच्या नांवाखालीं आम्ही मुलांस अदृश्य करून रस्त्यावर सोडतों. पांढरा किंवा पिंवळा विंडचीटर, पाठीवर प्रकाश परतविणारी चार बोटें रुंद पट्टी, मागें एक लाल दिवा. हिंवाळ्यांतील पोशाखाचा हा सर्वांत महत्त्वाचा भाग, आणि सूचनापत्रांत त्याविषयीं अक्षर नाहीं. शाळेची खरी भीति थंडीची नसून तिच्या फाटकासमोरच्या रस्त्याची आहे असा मला दाट संशय आहे. तसें असेल तर तिनें तसें लिहावें. आम्ही पालक तिच्याबरोबर महापालिकेंत येऊं. परंतु रस्त्याचा दोष हवेवर ढकलून मुलांस सायकलीवरून उतरविणें हें भित्रेपणाचें काम आहे.

कोणी म्हणेल, दोन महिन्यांचा तर प्रश्न! माझा थोरला नातू नववींत असतांना त्याची सायकल अशीच 'थंडी संपेपर्यंत' गॅलरींत टांगली गेली. फेब्रुवारींत तिच्या चाकांत हवा नव्हती, मार्चमध्यें परीक्षा होती, एप्रिलांत ऊन होतें, जूनमध्यें पाऊस. तिच्यावर आतां कुंड्या आहेत. तो अठरा वर्षांचा झाला त्या आठवड्यांत त्याच्या बापानें त्यास स्कूटर घेऊन दिली, आणि गल्लीच्या टोंकाच्या वाण्याकडेहि तो तीवरूनच जातो. जो मुलगा डिसेंबरांत उतरतो तो परत चढत नाहीं, हा माझा घरचा अनुभव आहे.

धाकटीच्या बाबतींत मी हट्ट धरला. सूनबाईंनीं प्रथम विरोध केला. "बाबा, शाळेनें लिहिलं आहे, आणि उद्यां ही आजारी पडली तर रजा मला काढावी लागेल," असें ती म्हणाली, आणि तें खोटें नव्हतें. शेवटीं तडजोड अशी ठरली, कीं एक आठवडा माझ्या म्हणण्याप्रमाणें जाऊं द्यावें, आणि शाळेंत पोंचल्यावर तिची पाठ कोरडी कीं ओली तें तिनेंच खरें सांगावें. पहिल्या दिवशीं ती फाटकाशीं कुडकुडली व माझ्याकडे रागानें पाहूं लागली. मी म्हणालों, "पुलापर्यंत जा, आणि तरीहि थंडी वाजली तर परत ये." ती परत आली नाहीं. दुपारीं घरीं आल्यावर तिची तक्रार एकच होती, कीं बाईंनीं तिला पिंवळा विंडचीटर गणवेशाचा नाहीं म्हणून वर्गाबाहेर काढावयास लावला. मी मुख्याध्यापकांस सविस्तर पत्र लिहिलें आहे आणि त्याचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं. तें येईपर्यंत ती पिंवळा विंडचीटर घालूनच जात आहे. निळा स्वेटर नीट घडी करून कॅरियरला बांधलेला असतो, तो फाटकाच्या आंत गेल्यावर चढतो.